बांधाचा हिशेब

पोरीला पाठीशी बांधून वेन्जुन कचेरीच्या चुलीवर बाजरीची पेज ढवळायची, पण कान आतल्या खोलीकडे. दीड वर्षापूर्वी तिचा नवरा बांधावर मेला होता. बांधात दगडाऐवजी नुसती माती भरलीय, एवढंच तो बोलला. तालुक्याचे अधिकारी पान क्वो यांनी त्याला छड्या मारायचा हुकूम दिला आणि चाळिसाव्या छडीला तो गेला. पानसाहेबांच्या कमरेला शिक्का होता तोवर त्यांच्यावरची तक्रार त्यांच्याच टेबलावरून पुढे सरकत नव्हती.

धान्य उशिरा का, असं जिल्ह्याने विचारलं की पानसाहेब दरवर्षी एकच लिहून पाठवत: पुरामुळे चार महिने नदी ओलांडून जिल्ह्याला पोचता येत नाही. खरं तर धान्य त्यांच्या मेहुण्याच्या कोठारात जाई. हे वेन्जुनला ठाऊक होतं. आणखीही एक ठाऊक होतं: स्वतःच्या जिल्ह्यात कुणालाच अधिकारी राहता येत नाही, आणि पानसाहेब डोंगराअलीकडच्या, नदी न ओलांडता जाता येणाऱ्या हेशी जिल्ह्याचे.

तिने म्हातारे लेखनिक गूकाका यांना गाठलं. "काका, आपला तालुका हेशीला जोडून मागितला तर?"

गूकाकांचा कुंचला थांबला. "पोरी, तू पेज ढवळतेस की विष?"

"तुम्ही फक्त साहेबांचीच वाक्यं उतरवून काढा."

राजधानीहून पाहणीला अधिकारी आले, तेव्हा गावच्या म्हाताऱ्यांनी तालुका हेशीला जोडावा असा अर्ज पुढे केला. त्यात पानसाहेबांचेच तीन वर्षांचे अहवाल. आता नदी ओलांडता येते म्हणावं तर साहेब स्वतःच खोटे ठरत होते. पानसाहेबांचा चेहरा निवलेल्या पेजेसारखा झाला. "लोकांची सोय होईल," एवढंच ते कसंबसं बोलले.

पीक निघायच्या आत हुकूम आला, तालुका हेशीत गेला. पानसाहेबांनी शिक्क्याची दोरी सोडली. जाताना चुलीपाशी थांबून ते म्हणाले, "आमच्या जिल्ह्यात आलात. आता सुखी राहा."

"तुम्हीही घरीच राहा साहेब," वेन्जुन म्हणाली. "शोधावं लागणार नाही."

तिसऱ्या दिवशी ती नव्या अधिकाऱ्यापुढे उभी राहिली. गूकाका तक्रार लिहीत होते. आरोपी: पान क्वो. राहणार: हेशी जिल्हा. पद? त्यांनी वर पाहिलं.

पाठीवरची पोर झोपली होती. वेन्जुनने आवाज बेताचाच ठेवला.

"काही नाही, असं लिहा."