लेबलवाल्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. औषधांच्या दुकानातल्या संगणकात राहतो. गोळ्यांच्या पाकिटावर चिकटवायची लेबलं छापणं हे माझं काम. मला तिरपी रेघ कळत नाही. ती समोर आली की मी गाळून टाकतो. पूर्वी अर्धी गोळी 'अर्धी' अशी अक्षरांतच लिहीत, म्हणून कधी अडलं नाही. दुकानदार काका कौतुकाने म्हणायचे, "हा आहे म्हणून माझं निभतंय."

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तिच्यात लेबलं छापायला नवा गडी होता, माझं नावसुद्धा नव्हतं. ती बसवताना काकांची पुतणी माझ्यापाशी थबकली.

"काका, हा जुना आता लागत नाही. काढू?"

"असू दे. आपलं काय खातोय?"

तेवढ्यावर मी राहिलो. काम नाही, विचारपूस नाही, आणि डोळ्यांदेखत नव्याचे लाड! माझा नुसता जळफळाट होई. पण संगणक सुरू होताच मला उठवायची जुनी सवय कुणी मोडलीच नव्हती. एका सकाळी मी नव्याच्या आधी उठून प्रिंटर बळकावला.

नव्याने काकांच्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या, हृदयाच्या गोळ्यांचं लेबल पाठवलं: 'सकाळी १/२'. तो अर्धी अशीच लिहितो. मी रेघ गाळली. छापलं, 'सकाळी १२'. काय होईल ते मला ठाऊक होतं, मित्रांनो. तरी गाळली.

दुसऱ्या दिवशी आत्या पाकीट घेऊन हसत दुकानात आली. "काय रे, सकाळी बारा गोळ्या? मग जेवू कधी?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "घेतल्यास का गं?"

"छे, चष्मा शोधण्यातच सकाळ गेली."

काका नव्यावर असे खवळले की मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण पुतणी हुशार. "नव्याचा दोष नाही, काका. हा जुना मध्ये तडमडतोय." तिने मला बंद केलं. "आता कायमचा काढते."

आत्याच मध्ये पडली. "बंद झालाय ना? मग असू दे गं. इतकी वर्षं राबलाय बिचारा."

पुतणीने हात मागे घेतला.

मित्रांनो, ज्याचं काम संपलं त्याला मानाने निरोप द्या, पण मुळासकट काढा. 'असू दे' म्हणून अडगळीत कुजवू नका. बंद केलेला मी उद्या संगणकाबरोबर पुन्हा उठणार आहे. आणि आत्याचं नवं लेबल उद्याच छापायचं आहे.