निळ्या अंगठ्या पाहणारी भिकाबाई

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, आज मी शाळेच्या कपाटात असलो, तरी माझी कामाची वर्षं हिंगोलीच्या एका दवाखान्यात गेली. एकोणीसशे चौतीस साली मी लाकडी पेटीत बसून रेल्वेने तिथे आलो. तेव्हा माझं पितळ लखलखीत होतं आणि भिंगांवर एकही ओरखडा नव्हता.

मला सांभाळायचे दवाखान्यात रक्त तपासणारे इनायतभाई. पावसाळा सरला की हिवतापाचे रोगी गाड्या भरून येत. इनायतभाई रोग्याच्या बोटाला सुई टोचत, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून त्याला रंग लावत आणि माझ्या नळीला डोळा लावत. आत गुलाबी चकत्या दिसत. त्या रक्तातल्या तांबड्या पेशी. आजारी माणसाच्या काही पेशींत मात्र एक नाजूक निळी अंगठी असे, लाल खडा बसवलेली. दिसायला सुंदर, पण तोच हिवतापाचा जंतू! तो पेशीतली लाली खाऊन वाढतो, एकाचे अनेक होतात, पेशी फुटते आणि माणसाला हुडहुडी भरते.

बेचाळीस साली महायुद्धामुळे हिवतापाचं औषध, क्विनीन, बाजारात मिळेनासं झालं; दवाखान्यात थोडंच उरलं होतं. त्याच साली दिवाळीनंतर लालसिंग नावाचा तांड्यावरचा शेतकरी बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. तिचं नाव भिकाबाई. तिला सात दिवसांच्या क्विनीनच्या गोळ्या मिळाल्या. तीन दिवसांत ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या पदरात बांधून ती घरी गेली.

वीस दिवसांनी ती पुन्हा आली. सोबत आई, रूपाबाई. दोघीही कुडकुडत होत्या. दोघींच्या रक्तात मला अंगठ्या दिसल्या.

"गोळ्या पुऱ्या घेतल्या का, बाई?" इनायतभाईंनी विचारलं.

"न्हाई, भाई. माझा ताप गेला व्हता. मायला चढला. गोळ्या कुठंच मिळंनात, मंग माझ्या तिला देल्या."

"अर्ध्या गोळ्यांनी कोणीच बरं होत न्हाई. थोडे जंतू राहिले, थोड्याचे लई झाले."

"मंग मायला तशीच मरू द्याची व्हती का?" भिकाबाईचे डोळे भरून आले.

इनायतभाईंनी तिची काचपट्टी माझ्या भिंगाखाली सरकवली. मग हळूच म्हणाले, "न्हाई. तिला इथं आणायचं व्हतं. ये, यात बघ. त्या निळ्या अंगठ्या म्हंजी तापाचे जंतू."

तिने माझ्या नळीला डोळा लावला आणि बराच वेळ हलली नाही.

क्विनीन आता एकीपुरतंच उरलं होतं. दुसऱ्या, पिवळ्या गोळ्या आल्या होत्या. पण त्यांनी अंग पिवळं पडतं म्हणून लोक भीत. "लेकीला क्विनीन द्या," रूपाबाई म्हणाली.

"मायला द्या. मी पिवळ्या खाते," भिकाबाई म्हणाली. "पण रोज मला यात बघू द्या."

ती रोज पाहायची. पहिल्या दिवशी अंगठ्या गच्च होत्या. मग त्या विरळ झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या. औषध पेशीच्या आत शिरून हे कसं करतं, ते मला फार उशिरा या शाळेतल्या बाईंकडून कळलं. जंतू रक्तातली लाली खातो, तेव्हा उरणारा भाग त्यालाच विषारी असतो. तो त्याचे काळे कण करून बाजूला ठेवतो. अशी औषधं ते कण होऊ देत नाहीत, असं शास्त्रज्ञ मानतात. मग जंतू स्वतःच्याच खाण्याने मरतो.

पाचव्या दिवशी भिकाबाईला एकही अंगठी सापडली नाही.

"मंग, आता गोळ्या बंद करायच्या?" इनायतभाईंनी मुद्दाम विचारलं.

"न्हाई! मला दिसंनात म्हणून सरल्या कशावरून? पुऱ्या घेते."

दोघी बऱ्या झाल्या. भिकाबाई नवरीसारखी पिवळी होऊन घरी गेली आणि आई निघतानाच तिला चिडवत होती. पुढे अट्ठेचाळीस सालापर्यंत, म्हणजे मी तिथे कामावर होतो तोवर, तापाचं माणूस दिसलं की भिकाबाई त्याला दवाखान्यात आणायची. गोळ्या संपेपर्यंत त्याच्या मागे लागायची.

नंतर इनायतभाईंची नजर अधू झाली, नवं यंत्र आलं, माझ्या भिंगांवर बुरशी चढली आणि मी या शाळेत आलो. मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, एवढंच मागतो. आणि डॉक्टरांनी औषध जितके दिवस सांगितलं, तितके दिवस घ्या. बरं वाटू लागल्यावरची शेवटची गोळी घ्यायलाच खरा धीर लागतो.