खाजकुइलीच्या बिया कुटणारा खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं आणि नव्या नवरीच्या सामानाबरोबर मी न्हावीदादांच्या घरी आलो. त्या नवरीला पुढे सगळी गल्ली वहिनी म्हणू लागली. त्यांनी माझ्यात मिरी कुटली, सुंठ कुटली, मुलांच्या खोकल्याची औषधं कुटली. माझी ठकठक ऐकू आली की शेजाऱ्यांना कळे, वहिनी उठल्या.

दादांचा हात फार हलका. त्यांच्या खुर्चीत गिऱ्हाइकांना डुलकी लागे. मग त्याच हाताला कंप सुटला. एकदा एका म्हाताऱ्याच्या गालाला वस्तरा लागला. दादांनी रक्त पुसलं, माफी मागितली आणि दुकानाला कुलूप लावलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या.

पुढे वहिनींच्या नणंदेने कंपावरचं गावठी औषध म्हणून खाजकुइलीच्या बिया आणून दिल्या. वहिनींनी त्या माझ्यात बारीक कुटून दुधातून दिल्या. काही दिवसांनी दादांनी चहा न सांडता कपबशी उचलली.

"अगं, बघ, हात थांबला!"

वहिनींनी मला पदराने पुसलं. मित्रांनो, एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"डॉक्टरांना सांगूया का?" त्यांनी विचारलं.

"कशाला? उगीच ओरडतील."

गोळ्या चालूच होत्या, चूर्णही वाढत गेलं. दादांची मान आणि खांदे आपोआप वळवळू लागले. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई. वहिनींना वाटलं, आजारच बळावला. त्यांनी आणखी कुटलं. एका सकाळी दादा न्हाणीघरात पडले. खुबा मोडला.

दवाखान्यात वहिनींनी चूर्णाचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "वहिनी, माझ्या गोळीत जे औषध आहे, तेच या बियांतही असतं. दोन्ही मिळून फार झालं. कानावर घातलं असतंत, तर बेताबेतानं दिलं असतं."

दादा पुन्हा चालले नाहीत. वहिनी अंथरुणातच त्यांची दाढी करत.

"हळू गं, अशानं गिऱ्हाईक पळेल तुझं," दादा म्हणत.

थंडी सरता सरता ते गेले.

आता मी मागच्या दारी पडून असतो. वहिनी जवळून जातात, पण नजर वळवतात. तुम्ही मायेनंच कुटत होतात, असं त्यांना सांगावंसं वाटतं. माझा शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी काढा, चूर्ण घेत असेल, तर डॉक्टरांना सांगा. ओरडले तर ओरडू देत. तुम्हाला बोलता येतं.