मिशीवाल्या माशाचा साचा

मित्रांनो, माझे दोन्ही स्क्रू सैल करा आणि मला उघडून बघा. घाबरू नका, मी चावत नाही. एका ठोकळ्यात अर्धा मासा कोरलेला दिसतो ना? आणि दुसऱ्यात उरलेला अर्धा. ठोकळे मिटले की पोटात अख्ख्या माशाची पोकळी तयार होते. मी एक जुना साचा आहे, अ‍ॅल्युमिनियमचा. गळाला लावायचे मऊ रबरी मासे माझ्या पोटातून निघतात. किती निघाले ते मोजायची मला सवय नाही. मला खोड आहे ती नसत्या चौकशांची. हे कशाला, ते कुठून आलं, तो कुठे गेला, असं माझं मनातल्या मनात सारखं चालू असतं. आणि त्यातला सगळ्यात जुना प्रश्न म्हणजे, पाणी कसं असतं?

हसू नका! पाण्याशी माझं हाडवैर आहे. माझ्या पोटात एखादा थेंब राहिला आणि वरून कढत प्लास्टिक आलं, तर थेंबाची वाफ होऊन ते फाडकन बाहेर उडतं. म्हणून मला बनवून घेणाऱ्या ताई मला कधी धूत नाहीत. कोरड्या फडक्याने पुसतात आणि गॅलरीत उन्हाला ठेवतात. पोरं सगळी पाण्यात जायची आणि बापाने पाण्याचं तोंडही पाहायचं नाही. आहे की नाही गंमत?

ताई दातांच्या डॉक्टरसाठी कवळ्या बनवायच्या. मेण, साचे, रंग यांतच त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा धाकटा भाऊ उंच, लांब पायांचा. तळ्याच्या काठी तासन् तास एका पायावर भार देऊन उभा राहायचा, म्हणून सगळे त्याला बगळ्या म्हणत. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोलणंही अडखळायला लागलं. घरात तो भिंतीकडे बघत बसे. तळ्यावर गेला की मात्र त्याच्या चेहऱ्यावर रंग यायचा. पण एका हाताने वळवळणारा गांडूळ गळाला लावायचा कसा?

"गांडूळ राहू दे, मी तुला मासे करून देते," ताई म्हणाल्या. "गळ आतच बसवून देईन. तू फक्त फेक."

त्यांनी कवळीच्या मेणातून बोटाएवढा मासा कोरला आणि वर्कशॉपच्या मिस्त्रीकडे नेला. मिस्त्रीने तो उलटसुलट करून पाहिला. "ताई, याला दात बसवायला विसरलात!" असं म्हणून तो स्वतःच हसला. मग मशीनवर माझं पोट कोरलं गेलं. गुदगुल्या झाल्या म्हणणार होतो, पण खरं सांगतो, दुखलं.

त्यानंतरचे दिवस मजेचे होते. गॅलरीत एक जुना मायक्रोवेव्ह होता. त्यावर ताईंनी लिहून ठेवलं होतं, 'यात चहा गरम करणाऱ्याची खैर नाही.' डब्यातलं पातळ प्लास्टिक दुधासारखं पांढरं. ते तापलं की आधी गोळा होई, आणि मग एकाएकी मधासारखं पारदर्शक! हे कसं होतं, ते मला अजून उमगलेलं नाही. ताई चष्मा आणि जाड हातमोजे घालून त्यात हिरवा, कधी लाल रंग आणि चिमूटभर चमकी टाकत. मग जाडजूड पिचकारीत भरून माझ्या तोंडात दाबत, आणि दाबूनच धरत. निवताना प्लास्टिक आकसतं. हात लवकर काढला की माशाचं पोट खपाटीला जातं. निघालेले मासे त्या ताटात सरळ निजवत, कारण ते वाकडे निवले की जन्माचे वाकडे. बगळ्या खुर्चीत बसून नव्या माशांच्या शेपट्या डाव्या हाताने हलवून बघे. तळ्यावरचे बाकीचे गळवालेही ताईंचे मासे मागून नेऊ लागले. मी फुगून गेलो होतो.

पण एका सकाळी तळ्याचा राखणदार कागदाची पुडी घेऊन आला. पुडीत हिरवे, चमकीचे, फाटके तुकडे होते.

"ताई, हे तुमचेच ना? मेलेल्या माशाच्या पोटात सापडले."

ताईंनी शेपटीवरूनच ओळखलं. मीही ओळखलं. माझीच पोरं ती!

"मासा हे गिळतो, पण पचवता येत नाही त्याला," राखणदार म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून तळ्यावर रबर बंद. बगळ्यासाठी जीव तुटतो माझा, पण मी मासे मरू देऊ का?"

बगळ्या आतल्या खोलीत होता. त्याचं तळं जाणार होतं, आणि त्याला पुन्हा भिंतीकडे बघत बसावं लागणार होतं.

मग ताईंनी तळ्यावर जाऊन एकेकाला विचारलं, "फाटके मासे पाण्यात कोण टाकतं?" टोपीवाला म्हणाला, मी नाही. चष्मेवाला म्हणाला, मी तर खिशात घालतो. सगळे धुतल्या तांदळासारखे! ताई हिरमुसून परत आल्या. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिथे अंधार, धूळ आणि एक तुटकी छत्री. या छत्रीने पाणी पाहिलं असेल का, असं तेव्हाही माझ्या मनात आलं. स्वभावाला औषध नसतं, हेच खरं.

काही दिवसांनी मला खाली काढलं, ते भंगारवाल्यासाठी. त्याने मला हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. "चांगलं अ‍ॅल्युमिनियम आहे," तो म्हणाला. मित्रांनो, माझं धाबं दणाणलं.

इतक्यात बगळ्या पाय ओढत आला आणि त्याने डावा हात माझ्यावर ठेवला.

"नको. मी... मी टाकतो."

"काय टाकतोस?"

"फाटके. पाण्यात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"का रे असं केलंस?"

त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "गवतात अडकतो मासा. सोडवता येत नाही. ओढला की फाटतो. फाटके घरी आणले असते तर तुला कळलं असतं. डावा हातही... चालला माझा."

भंगारवाल्याने बाहेर काढलेले पैसे पुन्हा खिशात घातले.

"अरे गाढवा!" ताई कडाडल्या. "जन्मभर मी बोळक्या तोंडांच्या कवळ्या केल्या. तुझा फाटका मासा बघून मला काय चक्कर येणार होती?" आणि मग त्या रडायलाच लागल्या. रडता रडता म्हणाल्या, "फाटलेला टाकायचा नसतो रे. वितळवला की त्यातून पुन्हा मासा निघतो. मी तुला हे कधी सांगितलंच नाही का?"

"मग मी निघू?" भंगारवाल्याने हळूच विचारलं.

"निघा बाबा. साचा तेवढा ठेवून जा!"

दुसऱ्या दिवशी ताईंनी राखणदाराला गाठलं. 'फाटका आणा, नवा न्या' अशी पाटी काठावर लागली. गळवाल्यांनी लांब दांड्याच्या जाळीने काठचे तुकडे वेचले. त्यात बगळ्याची जाळी सगळ्यांत पुढे. तुकडे गॅलरीत कडकडीत वाळवून मग वितळवले. सगळे रंग एक होऊन चिखलासारखा तपकिरी रंग झाला. मी तोंड वाकडं करणार होतो, तेवढ्यात मला एक अनोळखी वास आला. शेवाळाचा असेल, की गाळाचा? माझी पोरं तळं अंगाला लावून घरी आली होती.

त्या तुकड्यांबरोबर वाळूचा एक कणही आला. तो माझ्या दोन ठोकळ्यांमध्ये, माशाच्या तोंडापाशी चिमटला आणि तिथे खोच पडली. तिच्यात प्लास्टिक शिरतं, म्हणून तेव्हापासून माझ्या प्रत्येक माशाला बारीकशी मिशी असते. ताई ती खोच घासून काढायला निघाल्या होत्या.

"राहू दे," बगळ्या म्हणाला. "मिशी... शोभते."

राखणदारानेही मान डोलावली. मिशीवाला मासा म्हणजे ताईंच्या पाटीचा, फाटला की परत येणारा मासा, एवढी ओळख त्याला पुरली. रबर बंद करायचं राहून गेलं आणि बगळ्याची काठावरची जागा त्याचीच राहिली.

पाणी मी अजून पाहिलेलं नाही. पण त्याच्या वाळूची खूण माझ्या अंगावर आहे, म्हणजे आमची तोंडओळख झालीच म्हणायची. आता बगळ्या तळ्यावरून आला की चपला काढायच्या आधी फाटके मासे टेबलावर ठेवतो. हल्ली ते जास्त असतात. हात थकत चालला आहे, हे ताईंना दिसतं, मलाही दिसतं. त्या चहा टाकतात, तुकडे उन्हात पसरतात आणि माझे स्क्रू घट्ट करतात.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या हातून काही फाटलं, तुटलं, तर ते पाण्यात फेकू नका, लपवूही नका. घरी आणा. घरचं माणूस आधी गाढव म्हणेल, आणि मग ते पुन्हा नवं करायला बसेल.