तिच्या बाजूचा पत्रा

जीप लेकीला द्यायची ठरली, म्हणून तळाचा गंज काढायला मी ती डेंटरकडे नेली. लेकही सोबत आली. डेंटरनं मॅट उचलल्या आणि हातोडीनं पत्रा वाजवून पाहिला. माझ्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला खणखणीत आवाज आला. शेजारच्या सीटपुढे मात्र हातोडी सरळ आत गेली. तिथे गंजलेल्या पत्र्यावर तेलाचा डबा कापून बसवला होता आणि वरून डांबर फासलं होतं.

"काका, हा कुठल्या दिवट्याचा उद्योग?" तो हसला. "एकीकडे नवा पत्रा वेल्ड केलाय आणि दुसरीकडे चक्क डबा!"

"असेल कोणीतरी," मी म्हणालो.

त्या सीटवर वीस वर्षं माझी बायको बसली. तिला जाऊन सात महिने झाले. पाय भिजतात, असं ती दर पावसाळ्यात सांगायची. "वर घेऊन बस की," मी म्हणायचो.

लेक डब्याकडे बघत होती. "बाबा, आईला माहीत होतं?"

लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डेंटरला म्हटलं, "तो दिवटा मीच. नवा पत्रा एकाच बाजूला पुरत होता, तो मी माझ्या पायांखाली घातला."

मग लेकीला सांगितलं, "माहीत होतं. मी रिव्हेट ठोकत होतो, तेव्हा डबा तिनंच धरला होता."

डेंटर खाली बघू लागला. लेक बाहेर जाऊन उभी राहिली. तिच्यामागे जायची माझी हिंमत झाली नाही.