बर्फाच्या कप्प्याखालचं औषध

थंडोपंत हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हतं. पस्तीस वर्षं लोकांचे फ्रीज दुरुस्त केले म्हणून गल्लीने ते चिकटवलं, आणि त्यांनीही ते पदवीसारखं मिरवलं. कुणाचा फ्रीज गुरगुरायला लागला, कुणाच्या दुधाला वास आला, की थंडोपंतांना बोलावणं जायचं. ते यायचे, पत्र्याला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "गॅस उतरलाय." नाहीतर, "काही नाही हो, दाराचं रबर मेलंय." सहसा चुकायचे नाहीत. देव माणसाला गुण देतो तेव्हा त्याच कप्प्यात अहंकारही ठेवून देतो, आणि कुठला कुठे संपतो ते ठेच लागल्याशिवाय कळत नाही. ठेच थंडोपंतांना लागली. कळ मात्र बायकोच्या मांडीत उठली.

त्यांची बायको प्रार्थनागृहात पायपेटी वाजवायची. गाणारे बदलले, प्रवचन करणारे बदलले, पेटीवर बाई त्याच. हात सुरांवर, पाय भात्यावर, एकदा बसल्या की दोन तास हलणं नाही. मागल्या वर्षी उजवी मांडी ठणकायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, भाता जुना झालाय, जोर लावावा लागतो. तेल घातलं भात्याच्या सांध्याला. मग एके दिवशी शेवटचं पद संपवून त्या उठल्या आणि उभ्या जागी मांडीचं हाड कांडीसारखं मोडलं. पडल्या म्हणून मोडलं नाही. मोडलं म्हणून पडल्या.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून समजावून सांगितलं. ठिसूळ हाडांसाठी बाई दर आठवड्याला एक गोळी घेत होत्या, नऊ वर्षं. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नव्याने घडतं. त्या गोळीने झिजणं थांबतं, पुष्कळांची हाडं त्याने वाचतात. पण एखाद्याचं घडणंही मंदावतं, आणि मग मांडीचं हाड असं मधोमध, पाटीवर रेघ ओढावी तसं तडकतं. गोळी बंद केली. हाडाच्या पोकळीत सळई घातली. तरी ती चीर भरेना, तेव्हा डॉक्टरांनी रोज एक इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं दिसणारं, अठ्ठावीस दिवस पुरणारं, घरच्या घरी पोटावर टोचायचं.

"हे हाडाला घडायला लावतं," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना लागू पडतंच असं छातीठोक सांगत नाही. पण करून बघण्यासारखं आहे."

सिस्टर पेन कसं धरायचं ते दाखवत होती. शेवटी म्हणाली, "आणि काका, हे फ्रीजमध्ये ठेवताना एक काळजी..."

"सिस्टर," थंडोपंतांनी हात वर केला, "टोचायचं शिकवा, जन्मभर उपकार मानीन. फ्रीज तेवढा मला नका शिकवू."

बाई खाटेवरून म्हणाल्या, "अगं, ह्यांच्यापुढे थंडीचं नाव काढू नकोस, तास घेतील." सगळे हसले. सिस्टरही हसली, आणि तिला कुणीतरी पलीकडून हाक मारली. खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद घरी आल्यावर थंडोपंतांनी चार घड्या करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

घरचा फ्रीज जुना, एका दाराचा, पण त्यांच्या हातचा. त्यात सगळ्यात चांगली थंडी कुठे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बर्फाच्या कप्प्याखाली जो ट्रे असतो, त्याच्या अगदी मागे. नवरा म्हणून जे जे उत्तम ते बायकोला द्यावं, तसं त्यांनी ते पेन तिथे ठेवलं. रोज संध्याकाळी तासभर आधी ते बाहेर काढून सदऱ्याच्या खिशात घालून फिरायचे. गार औषध बाईंना झोंबायला नको म्हणून. आणि सुई लावली की बाई डोळे मिटून रोज एकच वाक्य म्हणायच्या, "देवा, हाड तुझं, सुई ह्यांची, सोसणं माझं."

असे तीन महिने गेले, तीन पेनं संपली. परवाच्या एक्स-रेत चीर होती तशीच, काळी, कोरडी. डॉक्टर हनुवटी खाजवत म्हणाले, "सोमवारी या. बहुतेक पुन्हा उघडावं लागेल. कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरू, जाड सळई घालू." बाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून घरात बोलणं कमी झालं.

आणि मधल्या शुक्रवारी थंडोपंतांना लहान मुलांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. तिथला लसींचा फ्रीज बिघडला होता. त्यांनी मागचं झाकण उघडलं, थर्मोस्टॅट चिकटलेला सापडला, पाच मिनिटांचं काम. मागे वळून बघतात तर तिथली सिस्टर एकेक बाटली काढून लाल पिशवीत टाकतेय.

"अहो, हे काय करताय? चांगल्या थंडगार आहेत की!"

"तेच तर दुखणं आहे काका. काल काटा शून्याच्या खाली गेला होता. गोठून पुन्हा पातळ झाल्यात ह्या."

थंडोपंतांनी एक बाटली उजेडाला धरली. "पाण्यासारखी स्वच्छ आहे. काय झालंय हिला?"

"दिसायला काही होत नाही. आतलं काम गेलं. उन्हाने औषध मरतं हे सगळ्यांना माहीत असतं, थंडीनेही मरतं हे कुणी ध्यानातच घेत नाही."

"म्हणजे... सगळीच औषधं?"

"सगळी नाही. पण टोचायची बरीचशी. इन्सुलिन म्हणा, हाडांची ती पेनं म्हणा. का हो? घाम का आलाय तुम्हाला?"

थंडोपंत झाकणाचे दोन स्क्रू तसेच ठेवून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी बाई डुलकी घेत होत्या. त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून तारेचं थर्मामीटर काढलं, ट्रेच्या मागे खोचलं, दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसले. वीस मिनिटांनी आकडा पाहिला. उणे तीन. दुसऱ्याच्या घरी हा आकडा दिसला असता तर म्हणाले असते, वा, काय कडक फ्रीज आहे! मग त्यांनी टेबल उचलून तो कागद ओढला, घड्या उलगडल्या, चष्मा पुसला. तिसऱ्याच परिच्छेदात होतं. गोठू देऊ नये. गोठल्यास वापरू नये, टाकून द्यावे.

चौऱ्याऐंशी दिवस त्यांनी त्या बाईच्या पोटात नुसत्या सुया टोचल्या होत्या.

मन मोठं वकील असतं. ते लगेच उभं राहिलं. कशावरून ह्यामुळेच? डॉक्टरच म्हणाले होते, लागू पडेल न पडेल. आज नवं पेन आणून दाराच्या कप्प्यात ठेवलं तर कुणाला कळणार आहे? सांगून गेलेले तीन महिने परत येणार आहेत का? वकिलाचं म्हणणं इतकं पटण्यासारखं होतं की त्याच संध्याकाळी थंडोपंत नवं पेन घेऊनही आले. पण त्या वकिलाकडे एका गोष्टीचं उत्तर नव्हतं. सोमवारी डॉक्टर मांडी पुन्हा कापायचं ठरवतील ते औषध हरलं असं समजून, आणि औषध तर लढायला उतरलंच नव्हतं.

शनिवारी त्यांची थोरली बहीण आली. ताई मनाची वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाडच नव्हतं, त्यामुळे मोडायचीही भीती नव्हती.

"इतकी वर्षं देवाची पेटी वाजवलीस," ती भावजयीजवळ बसत म्हणाली, "आणि पायच घ्यावा त्याने? काहीतरी राहून गेलं असेल बघ तुझ्या हातून. कुणाचं मन दुखावलं असशील. आठवून बघ."

"आठवतेय वन्सं," बाई शांतपणे म्हणाल्या. "बसून दुसरं काय करतेय? तीन सापडलीत आत्तापर्यंत."

"तीन काय?"

"पापं. सासूबाई शेवटच्या आजारात पाणी मागत होत्या तेव्हा एकदा थांबा म्हणाले. ते एक. पेटीवर माझा सूर चुकला की मी गाणाऱ्याकडे बघायचे, म्हणजे लोकांना वाटावं त्याचा चुकला. ते दुसरं. आणि तिसरं तुमच्याबद्दल आहे, ते सांगत नाही."

ताई हसली. थंडोपंतांना हसता येईना. ताई हात धुवायला आत गेल्यावर ते खाटेच्या कडेला बसले. "अगं, ऐक. तुझं काही चुकलेलं नाही."

"मग चुकलं कुणाचं? डॉक्टर चांगला, औषध चांगलं. तुम्ही तर तळहातावरल्या फोडासारखं जपता. उरलं कोण? माझंच हाड नालायक." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "पेटी दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून निरोप पाठवलाय मी."

थंडोपंतांनी तोंड उघडलं. तेवढ्यात ताई टॉवेल शोधत आली, आणि उघडलेलं तोंड त्यांनी जांभई देऊन मिटलं. ती जांभई त्यांना पुढे कित्येक दिवस आठवत राहिली.

रविवारी त्यांनी हॉस्पिटलात फोन लावला. डॉक्टर उद्याच भेटतील, फोन उचलणारी मुलगी म्हणाली. निरोप आहे का काही? "नाही," ते म्हणाले. असला निरोप कुणाच्या हाती द्यायचा असतो का?

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत एक्स-रे पुन्हा उजेडावर चढला. डॉक्टरांनी बोटाने चीर दाखवली. "औषध पूर्ण तीन महिने झालं. यांच्यावर चाललेलं दिसत नाही. थांबण्यात अर्थ नाही. परवाची वेळ देतो." त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. बाईंनी वाचलाही नाही. वॉकर एका हाताने धरून त्या टेबलावर वाकल्या, पेन उचललं, नावाचं पहिलं अक्षर काढलं.

"सही करू नकोस," थंडोपंत म्हणाले.

आवाज इतका चिरका निघाला की डॉक्टरांनीही वर पाहिलं.

"औषध मेलेलं होतं, डॉक्टर. मी मारलं. बर्फाच्या कप्प्याखाली ठेवत होतो. उणे तीन. तिन्ही पेनं. सिस्टर सांगत होत्या, मी ऐकून घेतलं नाही." त्यांनी खिशातून तो घड्या पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "शुक्रवारी कळलं मला. आज सांगतोय."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "शुक्रवारी," ते म्हणाले. "आणि ह्या सही करत होत्या."

"हो."

"चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले, पण ते कशाला म्हणाले ते कळलं नाही. त्यांनी संमतीचा कागद ओढून घेतला, अर्धवट सहीवर काट मारली. मग बाईंकडे वळून, थंडोपंत खोलीत नसल्यासारखं, बोलू लागले. सळई अजून घट्ट आहे. म्हणजे तीन महिने आणखी देता येतील, खऱ्या औषधाचे. वचन नाही. मधल्या काळात सळई वाकली तर ऑपरेशन आजच्यापेक्षा अवघड होईल. पाय बारीक होत चाललाय, व्यायाम वाढवावा लागेल. त्या गोळीने डावं हाडही कच्चं झालेलं असू शकतं, तेव्हा डाव्या मांडीत जरा जरी कळ आली तर त्याच दिवशी यायचं. "निर्णय तुमचा. घरी जाऊन ठरवा म्हटलं असतं, पण..." त्यांनी थंडोपंतांकडे एकदा पाहिलं.

"थांबते," बाई म्हणाल्या. "तीन महिने."

बाहेर लांब ओसरीत बाकं होती. बाई एका बाकावर बसल्या, दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून नीट सरळ ठेवली. थंडोपंत उभेच राहिले. लिफ्टपाशी माणसं जमत होती, जात होती.

"सुई टोचताना मी काय म्हणायचे, ऐकलंय ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"रोज ऐकलंय."

"शेवटचे दहा दिवस म्हणत नव्हते. तेही ऐकलंत का?"

थंडोपंतांना ते जाणवलंही नव्हतं.

"भांडत होते मी त्याच्याशी. तोंडाला येईल ते बोलले. पेटी नको, तुझी गाणी नकोत, तू नकोस, म्हटलं. तो बिचारा ऐकून घेत राहिला. बोलणार काय? त्याच्या हाती औषध पोचलंच नव्हतं." त्या थंडोपंतांकडे वळल्या. "आता माफी कुणी मागायची, मी का तुम्ही?"

"मी. मला बोल ना गं. काय बोलायचं ते बोल."

"तुम्हाला बोलायला शब्द अजून आलेले नाहीत. येतील. तेव्हा पळून जाऊ नका." त्यांनी पदराने चेहरा पुसला. मग पिशवीतून फोन काढून त्यांच्यापुढे धरला. "आधी वन्संना लावा."

"ताईला? आत्ता? घरी गेल्यावर..."

"आत्ता. माझी तीन पापं त्यांच्या घरी जाऊन बसलीत, आज चारजणींना सांगून झाली असतील. कुणाचं काय चुकलं ते तुमच्या तोंडून कळू दे त्यांना."

थंडोपंतांनी फोन घेतला. नंबर दोनदा चुकला. पलीकडून ताईचा आवाज ओसरीभर घुमला, "काय रे, कधी कापणार म्हणाले?"

"ताई," ते म्हणाले, "मी सांगतो ते पूर्ण ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला पुन्हा धीर होणार नाही."

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. राग निवळलेला नव्हता, पण त्या ऐकत होत्या, एकेक शब्द, कुठे सूर चुकतो का ते बघत. थंडोपंत लोकांच्या देखत, लिफ्टची वाट बघणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगू लागले. सिस्टरला अडवलं तिथपासून.