पाटीवरचं नाव

आमच्या गावाच्या पाटीवर ‘वुल्व्हरस्टोन’ लिहिलेलं आहे. आम्ही ‘वुस्टन’ म्हणतो. माझा बाप वुस्टनच म्हणायचा, त्याचा बापही. पाटी काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने लावली, म्हणून ते लांबलचक नाव काउंटीचं, आमचं नव्हे. मी पन्नाशीनंतर अक्षरं शिकलो, तोवर ते नाव मला फक्त परक्यांच्या तोंडून माहीत होतं.

हिवाळ्यातल्या त्या दुपारी काउंटीचा एक माणूस गाडी घेऊन रस्ता पाहायला आला. मी आणि शेजारचा क्लेम थर्टल शेतातल्या चिखलात उभे राहून पोत्यांत बीट भरत होतो.

“हेच ना वुल्व्हरस्टोन?” त्याने विचारलं.

“असलं गाव इथे नाही साहेब,” क्लेम म्हणाला. “त्या गाईला विचारा. ती शहरातून आणलीय, तिला तुमची भाषा कळेल.”

आम्ही पोट धरून हसलो. माणूस रागाने लाल होऊन गाडीत बसला आणि निघून गेला. क्लेम हसता हसताच चिखलात बसला. त्याचा हात छातीवर होता आणि ओठ निळे पडत होते.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याची बायको एनिड चर्चजवळच्या फोनकडे धावली. धापा टाकतच ती परत आली.

“निघतेय ॲम्ब्युलन्स. फोनवरच्या शहरातल्या बाईला गाव लगेच सापडलं.”

“नाव नीट सांगितलंस ना?” मी विचारलं.

“मग काय माझ्या आईचं सांगितलं? वुस्टन म्हटलं.”

क्लेमसुद्धा जरासा हसला. आम्ही त्याच्यावर रिकामी पोती घातली. गार वारा सुटला होता. तो मधूनच विचारायचा, “आली का गं?” एनिड म्हणायची, “वळणावर असेल.” मग त्याने विचारणं सोडलं.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा अंधारून आलं होतं. चालक उतरला, त्याने क्लेमकडे पाहिलं आणि टोपी काढली.

“बाई, आम्ही वुस्टनला गेलो होतो. तिकडे समुद्रावर. तिथे कुणी आजारी नव्हतं.”

काउंटीत दुसरं वुस्टन आहे, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी काउंटी बाजाराच्या गावापर्यंतच होती.

चालक नकाशा उघडून दाखवू लागला. एनिडने तिकडे पाहिलंही नाही.

“याला आता शहरात न्यायचं असेल ना तुम्हाला?”

“तसा नियम आहे बाई.”

“नाही न्यायचं,” ती म्हणाली. “पाय धरा. घरात ठेवू.”